स्नायूंना बोलते करणारा वैद्य

आपण हात उचलतो, पाऊल टाकतो, हसतो. या गोष्टी आपल्याला इतक्या सहज साधतात की, त्यांच्यामागे केवढी मोठी व्यवस्था उभी आहे, याचा विचारही आपल्या मनात येत नाही. मेंदूतून निघालेली आज्ञा पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून खाली येते, तेथून मज्जातंतूंच्या वाटेने स्नायूपर्यंत पोहोचते आणि मग स्नायू आखडून हाताला किंवा पायाला हालवतो. या वाटेवर कोठेही बिघाड झाला, तर धडधाकट माणूस जागच्या जागी खिळून बसतो.

दोनशे वर्षांपूर्वी अशा रोगांविषयी डॉक्टरांना फारच थोडे ज्ञान होते. रोग्याचा हात लुळा पडला आहे, एवढे दिसे. पण बिघाड मेंदूत आहे, मज्जारज्जूत आहे, मज्जातंतूत आहे की खुद्द स्नायूत आहे, हे सांगता येत नसे. जिवंत माणसाच्या शरीरात डोकावणार तरी कसे? कातडीला जखम न करता हे कोडे उलगडण्याची युक्ती ज्या फ्रेंच डॉक्टरने सिद्ध केली, त्यांचे नाव गियोम द्यूशेन.

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील खाडीच्या काठी बूलोन नावाचे फ्रेंच बंदर आहे. तेथे १७ सप्टेंबर १८०६ रोजी गियोमचा जन्म झाला. त्याच्या घराण्यातील पुरुष पिढ्यान्पिढ्या समुद्रावर जाणारे. वडील तर एका जहाजाचे कप्तान होते. त्या काळी फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटलेले होते. त्या युद्धात दाखवलेल्या शौर्याबद्दल सम्राट नेपोलियनने त्यांना सन्मानचिन्ह बहाल केले होते. आपल्या मुलानेही दर्यावर्दी व्हावे, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. परंतु गियोमचा ओढा शास्त्राकडे होता. वडिलांनी दाखवलेली समुद्राची वाट सोडून त्याने वैद्यकाची वाट धरली. शालेय शिक्षण संपल्यावर तो पॅरिसला गेला आणि तेथील नामांकित डॉक्टरांच्या हाताखाली शिकून १८३१ साली वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडला.

योगायोग असा की, त्याच १८३१ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने एक मोठा शोध लावला. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हालवला, किंवा एका वेटोळ्यातील वीज एकदम चालू वा बंद केली, तर शेजारच्या वेटोळ्यात आपोआप वीज उत्पन्न होते, असे त्याला आढळले. दोन्ही वेटोळी एकमेकांना जोडलेली नसतात. तरीही पहिल्यातील बदलाचा परिणाम दुसऱ्यात उमटतो. हा नियम पुढे आपल्या हातातील शस्त्र होणार आहे, याची कल्पना त्या वेळी तरुण द्यूशेन यांना असणे शक्यच नव्हते.

पॅरिसमध्ये मनाजोगे पद न मिळाल्यामुळे द्यूशेन बूलोनला परतले आणि त्यांनी तेथे आपला व्यवसाय सुरू केला. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. दोन वर्षांनी घरात पुत्र जन्माला आला. पण हा आनंद फार दिवस टिकला नाही. प्रसूतीनंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या पत्नीला बाळंतज्वराने गाठले आणि त्यातच तिचा अंत झाला. प्रसूतीच्या वेळी तिच्याजवळ द्यूशेन एकटेच होते. त्यामुळे सासरच्या मंडळींनी मृत्यूचा दोष त्यांच्याच माथी मारला. बाळंतज्वर कशामुळे होतो, हे त्या काळी बहुतेक डॉक्टरांना ठाऊकच नव्हते. परंतु दुःखाने आंधळ्या झालेल्या माणसांना ते कोण समजावणार? तान्ह्या एमीलला त्याची आजी घेऊन गेली. गावात कुजबूज सुरू झाली. पत्नी गेली, मुलगा दुरावला आणि लोकांचा विश्वासही डळमळला. अशा अवस्थेत पुष्कळजण खचून जातात. द्यूशेन यांनी मात्र कामात मन गुंतवले.

त्या सुमारास अंगात सुया टोचून त्यांतून वीज सोडण्याचा उपचार काही डॉक्टर करीत असत. द्यूशेन यांनीही १८३५ च्या सुमारास तो करून पाहिला. वीज वाहू लागताच स्नायू आखडतो, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पण सुईने रोग्याला वेदना होत, जखमा होत. शिवाय एक अडचण होती : सुईभोवती वीज अशी पसरे की, कोणता स्नायू कोणते काम करतो, हे नेमके कळत नसे. सुई न टोचता, कातडीवरूनच, हव्या त्या एका स्नायूपर्यंत वीज नेता येईल काय? या प्रश्नाने त्यांच्या मनात घर केले.

उत्तर साधे होते. पण ते सापडायला चिकाटी लागली. कातडी कोरडी असेल, तर वीज वरच्यावर चुरचुरते आणि चटका देते. कातडी ओली केली आणि विजेच्या तारेच्या टोकाला पाण्यात भिजवलेला स्पंज लावला, तर तीच वीज कातडीला इजा न करता आतल्या स्नायूपर्यंत पोहोचते. या एका ओल्या स्पंजाने सुईची गरज संपवली. वीज निर्माण करण्यासाठी द्यूशेन यांनी फॅरडेच्या नियमावर चालणारे वेटोळ्यांचे यंत्र वापरले. हे यंत्र एका पेटीत मावे आणि ती पेटी उचलून कोठेही नेता येई. फॅरडेच्या सन्मानार्थ त्यांनी या उपचाराला त्याचेच नाव दिले. आजही स्नायूंच्या व्यायामोपचारात वापरल्या जाणाऱ्या अशा प्रवाहाला फॅरडेच्या नावानेच ओळखतात.

१८४२ साली द्यूशेन पुन्हा पॅरिसला आले. तेथे ना त्यांना रुग्णालयात जागा होती, ना विद्यापीठात. वक्तृत्व त्यांच्या अंगी नव्हते आणि स्वभाव संकोची होता. पण रोग्यांची संगत त्यांना सोडवत नसे. पेटी घेऊन ते एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जात. एखादा रोगी दुसरीकडे हलवला गेला, तर त्याच्या मागोमाग तेही तिकडे पोहोचत. एकाच रोग्याची तपासणी ते महिनोन्महिने, काही वेळा वर्षानुवर्षे करीत. हा गावाकडचा माणूस विजेची पेटी घेऊन वॉर्डावॉर्डातून हिंडतो, हे पाहून तरुण डॉक्टर त्यांची थट्टा करीत. द्यूशेन यांनी त्या थट्टेकडे लक्ष दिले नाही. त्यांचे सारे लक्ष समोरच्या लुळ्या हाताकडे असे.

त्या लुळ्या हाताला ते जणू प्रश्न विचारीत आणि त्याचे उत्तर येण्याची वाट पाहत. ही प्रश्नोत्तरे कशी चालत, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. समजा, दोन रोग्यांचे हात लुळे पडले आहेत. बाहेरून पाहता दोघांची अवस्था अगदी सारखी. द्यूशेन पहिल्याच्या हातावर ओला स्पंज ठेवून वीज सोडत. स्नायू तत्काळ आखडे आणि बोटे हालत. म्हणजे स्नायू जिवंत आहे, मज्जातंतूही शाबूत आहे. बिघाड वर मेंदूत आहे आणि आज्ञाच खाली येत नाही. मग ते दुसऱ्याकडे वळत. हा रंगकाम करणारा असे आणि रंगातील शिशाचे विष त्याच्या अंगात भिनलेले असे. त्याच्या हातावर तीच वीज सोडली, तरी काही स्नायू हालत नसत. म्हणजे बिघाड मेंदूत नसून खाली, मज्जातंतू आणि स्नायू यांच्या पातळीवर आहे. तोंडाने काही न सांगता स्नायूने आपल्या रोगाचा ठाव सांगितला! शरीर न चिरता शरीराच्या आतले रहस्य उलगडण्याचा हा केवढा मोठा मार्ग होता. या साऱ्या कामाचा ग्रंथ त्यांनी १८५५ साली प्रसिद्ध केला.

जसजसे रोगी तपासले जाऊ लागले, तसतसे वेगवेगळे रोग एकमेकांपासून निराळे दिसू लागले. काही माणसांना अंधारात किंवा डोळे मिटून चालता येत नसे. पाऊल कोठे पडेल, याचा भरवसाच नसे. हा पक्षाघातच, असे सर्वांना वाटे. द्यूशेन यांनी स्नायूंची ताकद तपासली, तर ती पुरेपूर! मग चुकते कोठे? ताकद आहे, पण ती ताकद आवरून, ताळमेळाने वापरण्याची शक्ती नाहीशी झाली आहे, असे त्यांनी १८५८ च्या सुमारास दाखवून दिले. चालणे म्हणजे नुसते जोर लावणे नव्हे. एक स्नायू ओढतो, तेव्हा त्याच्या उलट बाजूचा स्नायू त्याला आवर घालतो आणि या दोघांच्या सहकार्यातूनच सुबक हालचाल घडते, हा धडा त्यांनी अशा रोग्यांपासून घेतला. पुढे १८६७ साली त्यांनी माणसाच्या हालचालींवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात अंगातील एकेका स्नायूचे काम त्यांनी तपशीलवार सांगितले आहे.

याच काळात त्यांच्याकडे एक लहान मुलगा आला. त्याच्या पोटऱ्या चांगल्या भरदार दिसत. एखाद्या पहिलवानाच्या असाव्यात तशा. पण तो धड चालू शकत नसे, वारंवार पडे. दिसायला बळकट आणि असायला दुबळा, हा प्रकार काय असावा? द्यूशेन यांनी असे अनेक मुलगे शोधून काढले. रोग्याला फारसा त्रास होऊ नये, अशी एक खास सुई त्यांनी तयार केली आणि तिने जिवंत स्नायूचा कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. स्नायूच्या जागी चरबी आणि निरुपयोगी तंतू भरलेले होते! भरदारपणा तो एवढाच. १८६८ साली त्यांनी या रोगाचे सविस्तर वर्णन केले. हा रोग आजही द्यूशेन यांच्या नावाने ओळखला जातो. सुमारे साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. त्याचे मूळ कशात आहे, हे कळण्यासाठी मात्र १९८७ पर्यंत थांबावे लागले. डिस्ट्रोफिन नावाचे एक आवश्यक द्रव्य या मुलांच्या स्नायूंत तयारच होत नाही, असे त्या सुमारास सिद्ध झाले.

हातापायांप्रमाणेच चेहऱ्याचे स्नायूही द्यूशेन यांनी अभ्यासले. एका वृद्ध माणसाच्या चेहऱ्याची संवेदना नाहीशी झाली होती; त्यामुळे विजेचा त्याला त्रास होत नसे. त्याच्या चेहऱ्यावरील एकेक स्नायू विजेने हालवून त्यांनी भीती, दुःख, आश्चर्य असे भाव उमटवले आणि त्यांची छायाचित्रे घेतली. छायाचित्रणकला तेव्हा अगदी नवी होती. मनापासून हसताना केवळ ओठच नव्हे, तर डोळ्यांभोवतालचा स्नायूही आखडतो. खोट्या हसण्यात तो तसा आखडत नाही, असे त्यांनी दाखवले. १८६२ साली हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील काही छायाचित्रांचा उपयोग चार्ल्स डार्विन या थोर निसर्गशास्त्रज्ञाने १८७२ साली आपल्या ग्रंथात केला.

हा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच सुमारास द्यूशेन यांच्या आयुष्यात एक सुखाची घटना घडली. तान्हेपणी दुरावलेला एमील आता डॉक्टर झाला होता. तो वडिलांकडे परत आला. जवळजवळ तीस वर्षांच्या विरहानंतर पितापुत्र एकत्र आले आणि एकाच विषयावर काम करू लागले. ज्या मुलाला मोठा होताना पाहणेही नशिबी नव्हते, तोच आता त्यांच्या शेजारी उभा राहून रोगी तपासत होता. परंतु दैवाला तेही फार दिवस मानवले नाही. थोड्याच वर्षांनी विषमज्वराने एमीलला हिरावून नेले. हा घाव म्हाताऱ्या पित्याला फार खोल लागला.

द्यूशेन यांना विद्यापीठाचे पद अखेरपर्यंत मिळाले नाही. पण ज्या पॅरिसमध्ये त्यांची थट्टा झाली, त्याच पॅरिसमधील सॅलपेट्रिएर या प्रचंड रुग्णालयाचे सुप्रसिद्ध डॉक्टर शार्को हे त्यांना आपले गुरू मानत. मज्जासंस्थेच्या रोगांचे जे शास्त्र पुढे जगभर पसरले, त्याचा पाया घालणाऱ्यांत या दोघांची गणना होते. सप्टेंबर १८७५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने द्यूशेन यांचे निधन झाले. ज्यांना कोणी जागा दिली नव्हती, त्यांचे स्मारक सॅलपेट्रिएरच्या आवारात उभारले गेले.

द्यूशेन यांची वीज कातडीतून स्नायूपर्यंत पोहोचली. पण आज्ञा देणारा मेंदू मात्र कवटीच्या जाड भिंतीआड बसलेला होता. ओला स्पंज त्या भिंतीपुढे हात टेकत असे. १८७० साली, म्हणजे द्यूशेन हयात असतानाच, बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघा डॉक्टरांनी कुत्र्याची कवटी उघडून मेंदूच्या पृष्ठभागाला वीज लावली. मेंदूच्या एका बाजूला वीज लावली की, शरीराच्या विरुद्ध बाजूचे पाय हालतात, असे त्यांना दिसले. हालचालींची जागा मेंदूत कोठे आहे, हे यामुळे समजले. पण माणसाच्या बाबतीत दर वेळी कवटी कोण उघडणार?

पुढे ११० वर्षांनी, १९८० साली, लंडनमधील मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्याच्या कातडीवरून विजेचा एकच जोरदार झटका देऊन माणसाच्या हाताची हालचाल घडवून आणली. युक्ती साधली, पण झटका फार दुखे. मग १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॅरडेचा तोच जुना नियम हाती घेतला. त्यांनी तारेचे एक वेटोळे डोक्याजवळ धरले आणि एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ त्यातून प्रचंड प्रवाह सोडला. विजेला कवटी अडवते. चुंबकाच्या प्रभावाला ती अडवत नाही. तो प्रभाव कवटीतून सहज आत शिरला आणि त्याने मेंदूतच अगदी सूक्ष्म वीज निर्माण केली. खट् असा आवाज झाला आणि हाताचे स्नायू हालले! ना जखम, ना फारशी वेदना. मेंदूपासून अंगठ्यापर्यंत आज्ञा पोहोचायला सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग लागतो, हे आता मोजता येते. वाटेत बिघाड असेल, तर तोच निरोप उशिरा पोहोचतो. द्यूशेन स्नायूला विचारीत, तोच प्रश्न आता मेंदूला विचारता येऊ लागला.

२००० साली जर्मनीतील ग्योटिंगेन येथे निट्शे आणि पाउलस या संशोधकांनी आणखी एक मार्ग दाखवला. डोक्यावर ओले स्पंज ठेवून त्यांतून अतिशय सौम्य वीज काही मिनिटे सोडली, तर मेंदूच्या त्या भागाची तत्परता काही काळ वाढते किंवा कमी होते, असे त्यांना आढळले. द्यूशेन यांचा ओला स्पंज दीडशे वर्षांनी असा पुन्हा कामास आला. पक्षाघाताने लुळा पडलेला हात, कंपवाताने थरथरणारी बोटे, अडखळणारे पाऊल यांना या दोन्ही उपायांनी मदत होईल काय, याचे प्रयोग अनेक देशांत चालू आहेत. काही रोग्यांना त्यांचा उपयोग होतो. पण तो बहुधा थोडा असतो आणि काही काळच टिकतो. औषधे आणि नियमित व्यायाम यांची जागा हे उपाय घेऊ शकत नाहीत. जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीवाचून ते करणे धोक्याचे असते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आज कोणी डॉक्टर रोग्याच्या डोक्याजवळ वेटोळे धरून त्याच्या अंगठ्याकडे टक लावून पाहत असतो, तेव्हा तो द्यूशेन यांचेच काम पुढे चालवत असतो. एक प्रश्न विचारायचा, उत्तराची धीराने वाट पाहायची आणि उत्तर जे येईल ते जसेच्या तसे टिपून ठेवायचे, ही त्यांची रीत होती. गावाने त्यांना दोष दिला, पॅरिसने त्यांची थट्टा केली. त्यांचे कोणी ऐकून घेतले नाही. पण ज्यांना हालता येत नव्हते, अशा माणसांच्या मुक्या स्नायूंचे म्हणणे त्यांनी जन्मभर ऐकले. त्या ऐकण्यातूनच अनेक असाध्य वाटणाऱ्या रोगांना नावे मिळाली, त्यांची ठिकाणे कळली आणि उपचारांचा शोध सुरू झाला. तो शोध अजून संपलेला नाही.